दंग्याची नियमावली

जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या विद्यार्थी-संघांना 'श्टुडेंटेनफेरबिंडुंग' असे लांबलचक नाव आहे. छातीवर रंगीत पट्टा, डोक्यावर रंगीत टोपी, राहायला वाडा, वाड्याला तळघर, तळघरात बिअरची पिंपे, भिंतीवर तलवारी आणि या सर्वांवर देखरेख ठेवणारी एक लेखी घटना, एवढे साहित्य जमले की संघ तयार होतो. तरुण पोरांनी धुडगूस घालावा ही जगाची रीतच आहे. जर्मन विद्यार्थ्यांनी मात्र त्या धुडगुसाची कलमे पाडली, दुरुस्त्या बहुमताने मंजूर केल्या आणि इतिवृत्त कायम करून सह्या केल्या. गेली दोनशे वर्षे हे काम चालू आहे.

या घराण्याचे मूळ मध्ययुगात सापडते. त्या काळी नवा विद्यार्थी हा माणूस नसून जनावर आहे, अशी विद्यापीठांची अधिकृत धारणा होती. त्याच्या डोक्यावर शिंगे बांधत, तोंडात डुकराचे सुळे खोचत आणि मग जमलेल्या मंडळींसमोर त्याला माणसात आणण्याचा कार्यक्रम होई. लाकडी करवतीने शिंगे उतरवायची, हातभर लांबीच्या चिमट्याने सुळे उपटायचे, रंध्याने अंगाचा खडबडीतपणा तासायचा. या संस्काराला 'डेपोझिसिओ' म्हणत. तो रीतसर विद्यापीठाच्या देखरेखीखाली होई, त्याचा दाखला मिळे, आणि खर्च ज्याची शिंगे कापली त्याच्याकडूनच वसूल केला जाई. पुढे सतराव्या शतकात जुन्या विद्यार्थ्यांनी हे काम स्वतःकडे घेतले. नव्या पोराने वर्षभर त्यांची हरकामे करायची, चांगले कपडे त्यांना द्यायचे आणि खानावळीचे बिलही भागवायचे, असा शिरस्ता पडला. राज्यकर्त्यांनी त्यावर एकामागून एक बंदीहुकूम काढले. एकाच गोष्टीवर पुन्हापुन्हा बंदी घालावी लागते, तेव्हा पहिल्या बंदीचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको.

दूरच्या गावी शिकायला गेलेली एका मुलखातली पोरे एकत्र राहत. त्यांतून लांड्समानशाफ्ट हे प्रांतवार संघ निघाले आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यातून 'कोर' नावाचे संघ झाले. त्यांची नावे पाहिली तर प्राचीन रोमच्या पलटणींची वाटावीत: बोरुसिया, झाक्सोनिया, हानोवेरा, गेस्टफालिया. प्रत्यक्षात ती प्रशिया, सॅक्सनी, हॅनोव्हर आणि वेस्टफालिया या मुलखांचीच नावे, लॅटिनचे इस्त्री केलेले कपडे घालून उभी राहिलेली.

दुसरी शाखा राजकारणातून फुटली. नेपोलियनविरुद्धच्या लढाईतून परतलेल्या विद्यार्थ्यांना प्रांतवार गट नकोसे झाले होते. जर्मनीची तेव्हा डझनावारी राज्ये होती आणि या पोरांना एकच देश हवा होता. 12 जून 1815 रोजी येना शहरात त्यांनी जुने प्रांतीय झेंडे खाली ठेवले आणि सर्वांचा मिळून एक संघ काढला: बुर्शेनशाफ्ट. ल्युत्सोच्या स्वयंसेवक पथकात त्यांतले काहीजण लढले होते. त्या पथकाला सरकारी गणवेश परवडत नसे. जो तो घरचे कपडे घेऊन येई, आणि इतक्या तऱ्हांच्या कपड्यांना एकसारखे करणारा रंग एकच, काळा. त्यावर लाल कड आणि पितळी बटणे. या काटकसरीतून आलेले काळा, लाल आणि सोनेरी हे रंग येनाच्या संघाने उचलले, त्यांच्याकडून ते राष्ट्रीय चळवळीत गेले, आणि आज जर्मनीच्या राष्ट्रध्वजाचे रंग तेच आहेत.

दोन वर्षांनी, 18 ऑक्टोबर 1817 रोजी, सुमारे पाचशे विद्यार्थी वार्टबुर्ग किल्ल्यावर जमले. मार्टिन ल्यूथरच्या धर्मसुधारणेला तीनशे वर्षे झाली होती आणि नेपोलियनला हरवणाऱ्या लाइपझिगच्या लढाईचा वाढदिवस होता. भाषणे झाली, गाणी झाली, जेवण झाले. संध्याकाळी काहींनी होळी पेटवली आणि प्रतिगामी लेखकांची पुस्तके तीत टाकली. निदान दुरून तरी तसे दिसले. जाळायला खरी पुस्तके आणायची तर ती आधी विकत घ्यावी लागतात, आणि विद्यार्थ्यांच्या खिशाला ते झेपण्यासारखे नव्हते. म्हणून रद्दीचे गठ्ठे बांधून त्यांवर पुस्तकांची नावे लिहिली आणि ते गठ्ठे आगीत टाकले. सोबत लष्करी जुलमाची प्रतीके म्हणून एका घोडेस्वाराची कंबर आवळणारी चोळी, केसांची एक शेपटी आणि कॉर्पोरलची छडी यांनाही अग्नी दिला. जुलमी राजवटीचा इतका स्वस्तात निषेध युरोपात त्याआधी कधी झाला नसावा.

गठ्ठ्यावर ज्यांची नावे होती त्यांतले एक नाटककार आउगुस्ट फोन कोत्सेबू. त्यांची गत मात्र रद्दीवर थांबली नाही. मार्च 1819 मध्ये कार्ल झांड नावाच्या बुर्शेनशाफ्टवाल्या विद्यार्थ्याने मानहाइममध्ये त्यांच्या घरी जाऊन त्यांना भोसकून ठार केले. सत्ताधाऱ्यांना निमित्तच हवे होते. त्याच वर्षी कार्ल्सबाडचे हुकूम निघाले, बुर्शेनशाफ्टवर बंदी आली, आणि नोव्हेंबरात येनाच्या संघाने एक गाणे म्हणून स्वतःचे विसर्जन केले. त्या गाण्याच्या चालीचा पुढचा प्रवास पाहण्यासारखा आहे. वार्टबुर्गची होळी पेटवण्यात ज्याचा पुढाकार होता, त्या मासमानने पुढच्याच वर्षी त्या चालीवर दुसरे देशभक्तिगीत रचले, आणि आज प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशिया या बेटांच्या देशाचे राष्ट्रगीत त्याच चालीवर म्हटले जाते. संघ येनात बुडाला आणि चाल मायक्रोनेशियात निघाली.

आता संघाची रचना. नव्या सदस्याला फुक्स, म्हणजे कोल्हा, म्हणतात. दोनएक सत्रे तो उमेदवारी करतो. त्याच्या पट्ट्याला दोन रंग असतात, पूर्ण सदस्याच्या पट्ट्याला तीन. फुक्साला मत नसते, काम असते. फुक्स मंडळींवर एक फुक्समायोर नेमलेला असतो. समारंभात त्याच्या टोपीला खऱ्या कोल्ह्याच्या शेपट्या लटकतात, आणि तशा वेशातच तो त्यांना संघाचा इतिहास, रंगांचे अर्थ आणि सभाशास्त्र शिकवतो. उमेदवारीच्या शेवटी परीक्षा असते. विद्यापीठाच्या परीक्षेत दोनदा गचकलेली मुले या परीक्षेत पहिल्या फटक्यात उत्तीर्ण झाल्याची परंपरा आहे, कारण इथला अभ्यासक्रम ती संध्याकाळी गिरवतात.

परीक्षेनंतर फुक्साचा बुर्श, म्हणजे पूर्ण सदस्य, होतो. तत्पूर्वी प्रत्येक फुक्सने एका वडीलधाऱ्या बुर्शला आपला पालक म्हणून निवडायचे असते. या पालकाला बिअरबाप म्हणतात. बिअरबापाचा बिअरबाप म्हणजे बिअरआजोबा, आणि एकाच बापाचे दोन फुक्स हे बिअरभाऊ. पिढ्या दर दोन-तीन वर्षांनी बदलतात, त्यामुळे तिशीतल्या माणसाला खापरपणतू असणे यात कोणाला काही वावगे वाटत नाही. नात्याची खूण म्हणून बाप आणि पोर एकमेकांना धातूच्या चिमट्यात अडकवलेल्या रंगीत फितीचा तुकडा देतात. तो विजारीच्या पट्ट्याशी लटकवायचा असतो. ज्याच्या कमरेला अशा फितींचा झुपका लोंबतो तो माणूस कर्तबगार, किंवा निदान गोतावळ्याचा, समजला जातो.

पदाधिकारी दर सत्राला नव्याने निवडले जातात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार. कोर संघांत पहिले तीन आपल्या सहीनंतर अनुक्रमे एक, दोन आणि तीन फुल्या मारतात. त्याआधी प्रत्येक सदस्य संघाचे मुद्राक्षर काढतो. तीन-चार अक्षरे एकमेकांत गुंतवलेली ही वेलांटी शेवटी उद्गारचिन्हाने संपते. नाव, मग वेलांटी, मग उद्गारचिन्ह, मग फुल्या: एखाद्या पदाधिकाऱ्याने धोब्याला चिठ्ठी लिहिली तरी तिला तहनाम्याचा थाट येतो.

सर्वोच्च सत्ता सभेची. तिला 'कॉनवेंट' म्हणतात. फुक्स सोडून सर्वांना समान मत, आणि ठराव झाला की तो सर्वांवर बंधनकारक. कोणत्या रंगाची नवी टोपी शिवायची, भांडलेल्या दोघांना समज द्यायची की दंड करायचा, छप्पर गळते त्याचे काय, हे सगळे सूचक-अनुमोदकांच्या मार्गाने जाते. उशिरा येणाऱ्याला दंड असतो. परंतु उशीर म्हणजे काय, याचीही सोय झालेली आहे. निमंत्रणावर वेळेपुढे 'सी. टी.' लिहिले असेल तर पंधरा मिनिटांनी यायचे, 'एस. टी.' लिहिले असेल तर ठोक्याला. ही पद्धत मूळ विद्यापीठातल्या व्याख्यानांची. संघांनी ती मनापासून आपली मानली. उशिरा येण्याचे स्वातंत्र्य पंधरा मिनिटांत मोजून दिलेले आहे, सोळाव्या मिनिटाला दंड.

शिक्षण संपल्यावर कोणी संघ सोडत नाही. सदस्यत्व जन्माचे असते. पदवी मिळवून नोकरीला लागलेला बुर्श 'आल्टर हेर' होतो. शब्दशः तो म्हातारा गृहस्थ, वयाने पंचविशीचा असला तरी. या म्हाताऱ्यांची वेगळी संस्था असते आणि वाडा तिच्या नावावर असतो. वर्गणी ते भरतात आणि छप्पर गळण्याचा प्रश्न शेवटी त्यांच्याच दारात येतो. मोबदल्यात त्यांना दोन हक्क मिळतात. वर्धापनदिनाला पुढच्या खुर्चीत बसण्याचा, आणि आमच्या वेळी असे नव्हते हे सांगण्याचा. कैसरच्या काळात या मंडळींचे वजन भलतेच होते. खुद्द कैसर दुसरा विल्हेल्म बॉनच्या बोरुसियाचा सदस्य, मग त्याच्या प्रशासनात वरच्या खुर्च्यांवर त्याच पट्ट्याची माणसे दिसली यात नवल नाही. उमेदवाराची गुणपत्रिका पाहण्याआधी कमरेची फीत पाहिली जाई, असे तेव्हाचे टीकाकार म्हणत. हाइनरिश मानने 'डेर उंटरटान' कादंबरीत अशा एका संघाचे आणि त्यातून तयार झालेल्या वरच्यापुढे वाकणाऱ्या, खालच्याला तुडवणाऱ्या गृहस्थाचे असे चित्र काढले आहे की संघाच्या वाचनालयात ते पुस्तक वरच्या फळीवरच असावे.

संघाचे खरे जीवन मात्र कॉनवेंटमध्ये नसून क्नाइपेत असते. क्नाइपे म्हणजे पिण्याची बैठक, पण बैठक या शब्दाने गैरसमज होईल. तिला कार्यक्रमपत्रिका असते. लांब टेबलाच्या शिरोभागी अध्यक्ष, समोर तलवार. तो तलवार टेबलावर आपटून 'सिलेन्सिउम!' ओरडतो आणि सगळे गप्प होतात. 'कोलोक्विउम' म्हटले की बोलायला परवानगी. आधी औपचारिक भाग, मग कमी औपचारिक भाग, आणि शेवटी ज्यात कसलीच औपचारिकता नाही असे घोषित करण्याचा औपचारिक भाग. मध्येच कोणाला लघवीला जायचे असेल तर अध्यक्षांकडे 'टेंपुस' मागावा लागतो. गाणे चालू असताना तो मिळत नाही. कडव्यांची संख्या आणि पोटातली बिअर यांचा मेळ घालता येणे हे अनुभवी बुर्शचे लक्षण.

गाण्यांचे पुस्तक म्हणजे कोमेर्सबूख. 1858 साली लार गावच्या शाउएनबुर्ग प्रकाशनाने त्याची पहिली आवृत्ती काढली. पुस्तक जाडजूड, आणि त्याच्या दोन्ही पुठ्ठ्यांच्या कोपऱ्यांवर मोठ्या डोक्याचे पितळी खिळे ठोकलेले असतात. त्यांना बिअरखिळे म्हणतात. टेबलावर बिअरचे तळे साचणार हे गृहीत धरून पुस्तक त्या तळ्यापासून बोटभर उंच राहावे, अशी ही योजना आहे. तळे साचूच नये यासाठी काही उपाय करावा, असे मात्र दीडशे वर्षांत कोणाला सुचलेले दिसत नाही. याच गाण्यांतली काही गाणी संगीतकार योहानेस ब्राम्सने उचलली. ब्रेस्लाउ विद्यापीठाने 1879 मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि परतफेड म्हणून एखादी भारदस्त रचना मिळेल अशी अपेक्षा ठेवली. ब्राम्सने विद्यार्थ्यांची पिण्याची गाणी एकत्र गुंफून 'अकॅडेमिक फेस्टिव्हल ओव्हर्चर' लिहिले आणि 1881 च्या जानेवारीत ब्रेस्लाउमध्ये ते स्वतः वाजवून घेतले. फुक्स मंडळींचे गाणे त्यात बासून या वाद्यावर आहे. ते वाद्य घोगऱ्या आवाजाचे, त्यामुळे निवड अचूक म्हणावी लागेल.

पिण्याचा कायदा 'बिअर-कोमाँ' या नावाने लिहिलेला असतो. खऱ्या दंडसंहितेची ती नक्कल आहे आणि नक्कल करणाऱ्यांत कायद्याचे विद्यार्थी बरेच असावेत, कारण त्यात पळवाटही राहू दिलेली नाही. या कायद्याचा काळही वेगळा. पाच बिअरमिनिटे म्हणजे घड्याळाची तीन. बुर्शने फुक्साला 'मगात जा' अशी आज्ञा केली की त्याने प्यायला लागायचे आणि 'माफ!' असे ऐकू येईपर्यंत थांबायचे नाही. एकाने दुसऱ्याला 'बिअरयुंगे!' म्हटले की ते द्वंद्वाचे आव्हान. दुसऱ्याने ठरलेल्या उत्तराने ते स्वीकारायचे, पंच नेमायचे, मग तयार, सावधान, सुरू, आणि ज्याचा पेला आधी रिकामा तो जिंकला. पाच बिअरमिनिटांत आव्हान स्वीकारले नाही तर माणूस बहिष्कृत होतो. त्याचे नाव फळ्यावर खडूने लिहितात, त्याच्याशी कोणी पेला भिडवत नाही आणि त्याला सभेत काही सूचनाही मांडता येत नाही. पुन्हा जातीत यायचे तर प्रायश्चित्त आहे. ते काय असेल हे वाचकाने ओळखले असेलच.

मानाचा प्याला 'सालामांडर' या पद्धतीने घेतात. आज्ञा होते, सर्वजण उभे राहतात, एक-दोन-तीनच्या तालावर पेले टेबलावर गोल घासतात, एका दमात पितात, मग पेल्याच्या बुडाने टेबलावर ताशा वाजवतात आणि अखेरच्या आकड्याला सगळे पेले एकदम आपटतात. एकाचा पेला मागे राहून 'टक्' असा एकटा आवाज आला की सालामांडर फसला, पुन्हा पहिल्यापासून. समाजाने एकत्र काही करावे आणि एकानेच बिघडवावे, हे दुःख ज्यांनी सार्वजनिक मंडळात काम केले आहे त्यांना नवे नाही. या सगळ्याचा शेवट व्हायचा तो होतोच, म्हणून जुन्या वाड्यांत न्हाणीघराशेजारी एक खास कुंड असते. ते तोंडाच्या उंचीवर बसवलेले, आणि दोन्ही बाजूंना धरायला दांडे. येनाजवळच्या लिश्टेनहाइन गावी तर विद्यार्थ्यांनी बिअरचे संस्थानच काढले होते. त्याला ड्यूक होता, दरबार होता, पदव्या होत्या. फक्त महसूल सगळा कलालाकडे जाई.

आता मेन्झूर. ऐकणाऱ्याला हे द्वंद्वयुद्ध वाटते. संघवाले ते नाही म्हणतात, आणि दोघांचेही काहीसे बरोबर आहे. पूर्वी रीतसर द्वंद्व व्हायचे तर आधी अपमान व्हावा लागे. ठरलेला अपमान होता 'मूर्ख पोरा', आणि बिअरयुंगे, म्हणजे बिअरपोरा, ही त्याचीच थट्टा. लढायचे आहे पण भांडण नाही, अशा दोन सालस मुलांनी एकमेकांना मूर्ख म्हणायचे, हा खोटेपणा एकोणिसाव्या शतकात निघून गेला. दोन संघांचे पदाधिकारी बसून ज्यांची उंची आणि हात जुळतात अशा जोड्या लावू लागले. लग्ने जशी ठरतात तशीच, फक्त मुलाची संमती इथे गृहीत धरलेली असते.

दोघे तलवारीच्या अंतरावर समोरासमोर उभे राहतात. पाय हलवायचे नाहीत. मान हलवायची नाही. वार चुकवण्यासाठी डोके जरा मागे घेतले तरी ते नाक कापल्यासारखे, आणि शब्दशः नाक कापले जाऊ नये म्हणून डोळ्यांवर लोखंडी जाळीचा चष्मा आणि नाकावर पत्रा असतो. मान जाड पट्ट्यांनी गुंडाळलेली, हातावर गाद्या, अंगात कड्यांचे चिलखत. उघडे काय राहते तर गाल, कपाळ आणि टाळू, आणि सगळा खेळ तेवढ्यासाठीच. प्रत्येक फेरीत मोजके वार. फेरी संपली की एक मदतनीस पुढे होऊन योद्ध्याचा तलवारीचा हात आपल्या हातावर तोलून धरतो. चिलखती हाताचे ओझे असते, आणि ते उचलण्याचे काम बहुतेकदा एखाद्या फुक्साकडे येते. बाजूला डॉक्टर सुईदोरा घेऊन बसलेला. टाके भूल न देता घालायची जुनी पद्धत, आणि त्या वेळी चेहऱ्यावरची सुरकुती हलली तरी संघात चर्चा होई.

या सामन्यात कोणी जिंकत नाही आणि कोणी हरत नाही. निकाल एवढाच लागतो की आपल्या पोराने तोंड वाकडे केले का. केले असेल तर त्याचाच संघ त्याला कमी गुण देतो आणि पुन्हा उभा करतो. मार्क ट्वेन 1878 मध्ये हायडेलबर्गला मुक्कामाला होता. हिर्शगासे इथल्या खानावळीत त्याने हे सामने पाहिले आणि 1880 च्या 'अ ट्रॅम्प अब्रॉड'मध्ये त्यांचे सविस्तर वर्णन केले. टाके घालून घेताना पोरे हू की चू करत नाहीत हे पाहून त्याची विनोदबुद्धी बरीच मवाळ झाली. वीस वर्षांनी जेरोम के. जेरोमने तेच पाहिले, आणि त्याला मात्र हा सगळा प्रकार खाटीकखान्याच्या जवळ जाणारा वाटला. दोघांचे वाचून झाल्यावर जेरोमची बाजू अधिक पटते. परंतु जे पाहिले ते नीट सांगितले ट्वेननेच.

गालावरच्या व्रणाला 'श्मिस' म्हणत. प्रतिस्पर्धी बहुधा उजव्या हाताने लढणारा, म्हणून व्रण डाव्या गालावर. ही पदवीपेक्षा टिकाऊ पदवी होती, आणि दुरूनही वाचता येणारी. जखम लवकर भरून येऊ नये म्हणून काहीजण तिच्यात घोड्याचे केस घालत, असे सांगत. बिस्मार्क ग्योटिंगेनला हानोवेरा कोरमध्ये असताना पंचवीसच्या आसपास सामने लढला. त्याच्या पुढच्या परराष्ट्र धोरणाशी याचा संबंध जोडण्याचा मोह अनेक चरित्रकारांना आवरलेला नाही. कायद्याला मात्र हे प्रकरण पुष्कळ वर्षे छळत राहिले. साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1883 मध्ये मेन्झूरला प्राणघातक शस्त्रांचे द्वंद्व ठरवले होते. 1953 मध्ये पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ग्योटिंगेनच्या खटल्यात निकाल दिला की संमतीने, संरक्षक साहित्य लावून आणि मानापमानाचा संबंध नसताना केलेली मेन्झूर शिक्षापात्र नाही. कॅथलिक चर्चने ती आधीपासून निषिद्ध ठरवली होती, त्यामुळे कॅथलिक विद्यार्थ्यांनी 1856 पासून आपली वेगळी संघटना बांधली. पट्टा आहे, टोपी आहे, क्नाइपे आहे, तलवारही आहे. फक्त ती गालाला लावत नाहीत, टेबलावर आपटतात.

विद्यार्थ्यांवर पोलिसांचा अधिकार चालत नसे, विद्यापीठाचा चाले. म्हणून विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग असे. हायडेलबर्गचा तुरुंग 1914 पर्यंत वापरात होता आणि आज तिकीट काढून पाहता येतो. रात्री आरडाओरडा, दिवे फोडणे, शिपायाचा अपमान, असे गुन्हे. शिक्षा काही दिवसांची. सुरुवातीला पाण्यावर आणि पावावर ठेवत, पुढे बाहेरून जेवण मागवता येई, आणि व्याख्यानांना सोडत. बाकीच्या वेळी व्याख्यानांना न जाणारे कैदेत असताना नियमाने जात, कारण बाहेर पडण्याचा तोच मार्ग होता. खोल्यांना कैद्यांनी 'पॅले रॉयाल', 'सांसुसी' अशी राजवाड्यांची नावे दिली. भिंतींवर, छतावर, जिन्यात टोपीवाल्या चेहऱ्यांच्या काजळी छाया, संघांचे रंग, नावे आणि तारखा यांची इतकी गर्दी आहे की नव्या कैद्याला चित्र काढायला जागा शोधावी लागे. एकदाही आत न जाता पदवी घेणे हे अभ्यास अर्धवट सोडल्यासारखे मानले जाई. बॉनला 1836 मध्ये रात्री दारू पिऊन दंगा केल्याबद्दल एक दिवस कोठडीत बसलेला एक विद्यार्थी तिथल्या ट्रियर-वाल्यांच्या संघाचा एक पदाधिकारी होता. वडिलांनी कंटाळून त्याला बर्लिनला हलवले. त्याचे नाव कार्ल मार्क्स.

इथवर हसता येते. परंतु बंधुसंघ म्हटला की बंधू कोण नाही, हेही ठरवावे लागते, आणि संघांनी ते मन लावून ठरवले. स्त्रिया नृत्याच्या संध्याकाळी पाहुण्या म्हणून येत. ज्याच्याशी तलवार भिडवणे प्रतिष्ठेचे तो माणूस, बाकी सगळे फिलिस्टाइन, म्हणजे सामान्य गावकरी. व्हिएन्नात झायोनिझमचा पुढचा प्रवर्तक थेओडोर हर्झल 'आल्बिया' या संघाचा सदस्य होता. ज्यूद्वेषाचा वारा वाहू लागल्यावर 1883 मध्ये त्याने राजीनामा दिला. 1896 च्या वाइडहोफेन ठरावाने ऑस्ट्रियातल्या संघांनी जाहीर केले की ज्यू माणसाला मानच नाही, सबब त्याच्याशी द्वंद्व करता येत नाही. ज्यू विद्यार्थ्यांनी आपले वेगळे संघ काढले, तलवार शिकले आणि समोरच्यांच्या गालांवर मानाचे पुरावे कोरून दाखवले. 1920 मध्ये जर्मन बुर्शेनशाफ्टच्या महासंघाने आयझेनाख इथे ज्यूंना सदस्यत्व नाकारण्याचा ठराव केला. हिटलरला सत्तेवर यायला तेव्हा तेरा वर्षे होती. सूचक, अनुमोदक, मतदान, इतिवृत्त, सगळे घटनेप्रमाणे.

नाझी राजवटीलाही हे संघ शेवटी नकोच होते, कारण तिला एकच संघ पुरे होता. हायडेलबर्गच्या झाक्सो-बोरुसिया कोरने तिच्या हाती निमित्त दिले. मे 1935 मध्ये खानावळीत शतावरीच्या कोंबांचे जेवण चालू असताना या सरदार घराण्यांतल्या मुलांनी मोठ्याने चर्चा आरंभली: फ्यूरर शतावरी खातो ती सुरीने, काट्याने की पंजांनी? शतावरी कशी खावी हा जर्मन सभ्य समाजातला जुना वादविषय आहे, पण त्या वर्षी तो राष्ट्रद्रोह ठरला. वृत्तपत्रांतून झोड उठली, संघावर कारवाई झाली, आणि वर्षभरात बहुतेक संघटना विसर्जित झाल्या किंवा केल्या गेल्या. या प्रसंगाला प्रतिकार म्हणणे जरा जास्तच होईल. त्या मुलांना माणसाच्या विचारांपेक्षा त्याच्या जेवणाच्या रीतीचा राग आला होता.

युद्धानंतर दोस्त राष्ट्रांची बंदी उठल्यावर, 1950 च्या सुमारास, म्हाताऱ्या गृहस्थांनी वाडे परत मिळवले, पोटमाळ्यावरचे पट्टे काढून झटकले आणि संघ पुन्हा सुरू झाले. आज जर्मनीत ते हजाराच्या घरात आहेत, पण एकूण विद्यार्थ्यांत त्यांचे प्रमाण शेकडा एक-दोनच. मेन्झूर सक्तीची ठेवणारे थोडे, ऐच्छिक ठेवणारे काही, आणि तिचे नाव न काढणारे पुष्कळ. मुलींचे संघ आहेत, मिश्र संघही आहेत, आणि त्यांच्याकडेही फुक्स, बुर्श, पट्टा, कॉनवेंट हा सगळा संसार जशाच्या तसा आहे. 2011 मध्ये बुर्शेनशाफ्टच्या महासंघात एक प्रस्ताव आला: मानहाइमच्या एका संघाने चिनी आईवडिलांच्या मुलाला सदस्य केले आहे, सबब त्या संघाला काढा. प्रस्ताव मागे घेतला गेला, पण बोभाटा व्हायचा तो झाला. पुढच्या काही वर्षांत बरेच संघ बाहेर पडले आणि 2016 मध्ये त्यांतल्या काहींनी नवा महासंघ स्थापन केला. नवी घटना अर्थातच लिहावी लागली.

नवे सदस्य मिळवणे हे आता प्रत्येक संघाचे मुख्य काम आहे आणि त्यातले मुख्य हत्यार तलवार नसून भाडे. विद्यापीठांच्या शहरांत खोली मिळणे दुरापास्त. अशा वेळी सत्राच्या तोंडावर जाहिरात झळकते: जुन्या वस्तीत, बागेसह वाडा, मोठी खोली, भाडे बाजारभावाच्या कितीतरी खाली. तलवारीचा उल्लेख असलाच तर शेवटच्या ओळीत. खोली पाहायला आलेल्या मुलाला आधी बिअर मिळते, मग चावी, आणि मग कोणीतरी म्हातारा गृहस्थ त्याला भिंतीवरची छायाचित्रे दाखवायला नेतो. 1890 पासूनची सगळी आहेत. ती पाहून होईपर्यंत खाली तळघरात त्याच्या नावाचा पेला धुऊन ठेवलेला असतो, आणि पिंप बदलायची पाळी कोणाची हे फळ्यावर लिहून झालेले असते.